फायर एचडी १०: टॅब स्वस्त, पण दुकान एकाच मालकाचं

अमेरिकेतून कोणी येणार असलं की ‘तिकडे टॅब स्वस्त मिळतो, एक घेऊन ये’ असा निरोप हमखास जातो. बॅगेतून मग बऱ्याचदा ॲमेझॉनचा फायर निघतो. फायर एचडी १० ची तिथली मूळ किंमत १३९.९९ डॉलर, आणि सेलमध्ये ती आणखी खाली येते. ॲपलचा साधा आयपॅड, म्हणजे मार्च २०२५ मध्ये आलेला ए१६ चिपचा, ३४९ डॉलरपासून सुरू होतो. एवढा फरक पाहिल्यावर कोणीही फायरच उचलेल. पण टॅब चालू करून प्ले स्टोअर शोधायला गेलं की तो सापडत नाही. जीमेल नाही, क्रोम नाही, गूगल मॅप्स नाही, यूट्यूबचं ॲप नाही. नग बिघडलेला नाही. तो असाच येतो, आणि घेणाऱ्याला हे आधी कोणी सांगितलेलं नसतं.

यंत्र म्हणून टॅब चांगला आहे, त्यामुळे तो भाग लवकर उरकतो. सप्टेंबर २०२३ मध्ये जाहीर झालेल्या या मॉडेलला १०.१ इंची, १९२० बाय १२०० पिक्सेलचा पडदा आहे. रॅम ३ जीबी, साठवण ३२ किंवा ६४ जीबी, शिवाय १ टीबीपर्यंतचं मायक्रोएसडी कार्ड बसतं. वजन सुमारे ४३५ ग्रॅम. बॅटरी १३ तास चालते असा कंपनीचा दावा आहे. दोन्ही कॅमेरे ५ मेगापिक्सेलचे, म्हणजे व्हिडिओ कॉलपुरते. या किमतीत लॉकस्क्रीनवर जाहिराती येतात. त्या नको असतील तर १५ डॉलर जास्त मोजावे लागतात, आधी किंवा नंतर केव्हाही. जीपीएस नाही, जागा वायफायवरून ओळखली जाते, म्हणून गाडीत रस्ता दाखवायला हा टॅब उपयोगाचा नाही. घ्यायचाच असेल तर ६४ जीबीचा घ्या. त्याचं कारण पुढे येईलच.

आता दुकानाबद्दल. फायर ओएस, म्हणजे हा टॅब ज्यावर चालतो ती ॲमेझॉनची प्रणाली, मुळात अँड्रॉइडच आहे. अँड्रॉइडचा गाभा खुला आहे, कोणीही घ्यावा आणि आपल्या यंत्रात घालावा. पण प्ले स्टोअर, मॅप्स, यूट्यूब, जीमेल आणि त्या सगळ्यांच्या खाली चालणारं ‘गूगल प्ले सर्व्हिसेस’ हे गूगलच्या खासगी मालकीचं आहे आणि ते करार केल्यावरच मिळतं. कराराच्या अटी साध्या नव्हत्या. प्ले स्टोअर हवा तर गूगलची बाकीची ॲपही घालायची, आणि अँड्रॉइडची स्वतःची वेगळी आवृत्ती करून विकायची नाही. ॲमेझॉनला २०११ मध्ये पहिला किंडल फायर आणताना नेमकं वेगळंच काही हवं होतं: टॅब जवळजवळ पडेल भावात द्यायचा आणि पुस्तकं, सिनेमे, ॲप विकून पैसे मिळवायचे. दुसऱ्याचं दुकान आत ठेवून हे जमणार नव्हतं. म्हणून ॲमेझॉनने आपलं ॲपस्टोअर घातलं आणि गूगलने आपली ॲप दिली नाहीत. इतक्या वर्षांनीही तो गुंता सुटलेला नाही.

या अटींवर नंतर कारवाई झाली. युरोपीय आयोगाने १८ जुलै २०१८ ला गूगलला ४.३४ अब्ज युरोंचा दंड ठोठावला. त्यातला एक मुद्दा हाच होता, की इतर कंपन्यांना फायर ओएसवरची यंत्रं बनवता येऊ नयेत अशी या करारांची रचना आहे. २०२२ मध्ये तिथल्या न्यायालयाने दंड ४.१२५ अब्जांवर आणला, पण निर्णय बव्हंशी कायम ठेवला. आपल्याकडे भारतीय स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ ला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड लावला. अपील लवादाने २९ मार्च २०२३ ला दंड कायम ठेवला, पण दुसऱ्या कंपन्यांची ॲप-दुकानं प्ले स्टोअरमध्ये येऊ द्यावीत हा आदेश काढून टाकला. दंड झाले, भरपूर छापून आलं, तरी घरातल्या फायरवर प्ले स्टोअर काही आला नाही. यातल्या कुठल्याही निर्णयाने ॲमेझॉनला आपल्या टॅबवर तो घालायला भाग पाडलेलं नाही आणि गूगलला तो द्यायलाही.

वापरताना हे कुठे टोचतं ते नीट पाहू, कारण ‘गूगल नाही’ एवढ्या दोन शब्दांत ते मावत नाही.

पहिली अडचण ॲपच्या पोटातली आहे. अँड्रॉइडचं एखादं ॲप लिहिताना नोटिफिकेशन पाठवणं, नकाशा दाखवणं, गूगल खात्याने लॉगिन, ॲपमधली खरेदी ही कामं लेखक गूगल प्ले सर्व्हिसेसवर सोपवतो. फायरवर ती सेवाच नाही. ॲमेझॉनची नोटिफिकेशनची आणि पैसे घेण्याची यंत्रणा वेगळी. म्हणजे तेच ॲप फायरवर आणायचं तर हे भाग काढून दुसरे बसवायचे, वेगळी चाचणी करायची आणि वेगळ्या दुकानात दाखल करायचं. मोठ्या कंपन्या ते करतात. नेटफ्लिक्स, डिस्ने प्लस, स्पॉटिफाय, झूम, मायक्रोसॉफ्टची ऑफिस ॲप ॲमेझॉनच्या ॲपस्टोअरमध्ये आहेत आणि नीट चालतात. छोट्या संस्था, शाळा, स्थानिक बँका, मराठी वर्तमानपत्रं, पंचांग-दिनदर्शिका यांच्यासाठी एवढ्या उठाठेवीला ना माणसं असतात ना पैसा. म्हणून फायरच्या दुकानात मोठी नावं दिसतात आणि आपल्या रोजच्या गरजेची बारकी ॲप दिसत नाहीत. जी असतात त्यांचीही आवृत्ती कधी कधी मागची असते.

दुसरी अडचण पैशांची. प्ले स्टोअरवर विकत घेतलेलं ॲप ॲमेझॉनच्या दुकानात ‘तुमचं’ नसतं. तिथे ते पुन्हा विकत घ्यावं लागतं. मुलांचे गेम, चित्रकलेची ॲप, शब्दकोश असं फोनवर काही घेतलेलं असेल तर त्या खर्चाचा इथे उपयोग नाही.

वेबसाइटने बरंच भागतं, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. टॅबमधला सिल्क ब्राउझर क्रोमियमवरच, म्हणजे क्रोमच्याच खुल्या गाभ्यावर, बांधलेला आहे. यूट्यूब, गूगल डॉक्स, गूगल क्लासरूम त्यात उघडतात. जीमेलसाठी टॅबमधल्याच ईमेल ॲपमध्ये खातं जोडता येतं. यूट्यूबवर कीर्तनं, नाटकं, पाककृती पाहायच्या असतील तर सिल्क पुरेसा आहे. अडतं ते ऑफलाइन कामाला आणि नोटिफिकेशनला. शिक्षकांनी क्लासरूमवर गृहपाठ टाकला तर साइट उघडेपर्यंत तो कळत नाही.

यूट्यूबवरून या दोन कंपन्यांचं एकदा चांगलंच जुंपलं होतं. ॲमेझॉनने २०१५ मध्ये आपल्या साइटवर गूगलचं क्रोमकास्ट, म्हणजे टीव्हीला जोडून व्हिडिओ पाहायचं यंत्र, विकणं बंद केलं. डिसेंबर २०१७ मध्ये गूगलने फायर टीव्ही आणि एको शो (पडद्याचा स्मार्ट स्पीकर) या ॲमेझॉनच्या यंत्रांवरून यूट्यूब काढून घेण्याचं जाहीर केलं. एप्रिल २०१९ मध्ये समझोता झाला आणि जुलैत यूट्यूब फायर टीव्हीवर परतलं. मधल्या दीड वर्षात ज्यांनी घरात फायर टीव्ही घेऊन ठेवला होता त्यांचा या भांडणात काय दोष होता? दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ म्हणतात. इथे तिसऱ्याच्या वाट्याला फक्त गैरसोय आली. कंपनीने विकलेल्या वस्तूतली सोय ग्राहकाला न विचारता काढून घेतली जाते, ही गोष्ट मुळातच चुकीची आहे.

फायरवर प्ले स्टोअर घालता येतो. रूट करावं, म्हणजे टॅबच्या प्रणालीचं कुलूप तोडावं लागत नाही, संगणकही लागत नाही. पण क्रम चुकला की सगळं फसतं, म्हणून नीट वाचा.

आधी मॉडेल ओळखा. सेटिंग्ज, डिव्हाइस ऑप्शन्स, अबाउट फायर टॅबलेट इथे पिढी आणि फायर ओएसची आवृत्ती दिसते. २०२३ चा एचडी १० फायर ओएस ८ वर चालतो आणि त्याचं अधिष्ठान अँड्रॉइड ११ आहे. हे महत्त्वाचं, कारण फायर ओएस ७ हा अँड्रॉइड ९ वर आहे आणि त्याला वेगळ्या फाइल लागतात. मग टॅबमध्ये मायक्रोएसडी कार्ड असेल तर टॅब बंद करून ते काढा. कार्ड आत असलं आणि ॲप कार्डावर जाण्याची सोय चालू असली तर प्ले सर्व्हिसेसचा काही भाग तिकडे जाऊन बसतो आणि नंतर स्टोअर मध्येच बंद पडत राहतो. एवढी एक पायरी गाळल्यामुळे पुष्कळांचे तास वाया जातात.

नंतर सेटिंग्ज, सिक्युरिटी अँड प्रायव्हसी, ॲप्स फ्रॉम अननोन सोर्सेस इथे जाऊन सिल्क ब्राउझरला परवानगी द्या. सिल्कमधून एपीके मिरर या साइटवर जाऊन चार एपीके, म्हणजे अँड्रॉइड ॲप बसवायच्या फाइल, उतरवायच्या आहेत: गूगल अकाउंट मॅनेजर, गूगल सर्व्हिसेस फ्रेमवर्क, गूगल प्ले सर्व्हिसेस आणि गूगल प्ले स्टोअर. २०२३ च्या एचडी १० साठी अकाउंट मॅनेजरची ७.१.२ आणि फ्रेमवर्कची १० क्रमांकाची आवृत्ती घ्या. प्ले सर्व्हिसेसच्या पानावर डझनभर पर्याय दिसतात आणि चुका इथेच होतात. ६४ बिटचा, म्हणजे एआरएम६४ लिहिलेला, आणि अँड्रॉइड ११ किंवा त्यावरचा पर्याय निवडा. नावात बीटा असेल तर तो सोडा. ‘बंडल’ लिहिलेली फाइल घेऊ नका, ती फायरवर थेट बसत नाही. साइटवर जाहिरातींची मोठमोठी ‘डाउनलोड’ बटणं असतात. खरं बटण फाइलच्या माहितीखाली असतं आणि त्यावर एपीके असा शब्द असतो.

चारही फाइल उतरल्या की फाइल्स ॲपमधला डाउनलोड्स फोल्डर उघडा आणि वर दिला त्याच क्रमाने एकेक बसवा. प्रत्येक वेळी शेवटी ‘ओपन’ आणि ‘डन’ असे दोन पर्याय येतात. दरवेळी ‘डन’च दाबायचं. चौथी फाइल बसल्याबरोबर स्टोअर उघडून पाहायचा मोह होतो. तो आवरा. आधी टॅब रीस्टार्ट करा, मगच प्ले स्टोअर उघडून गूगल खात्याने आत जा. पहिली १०-१५ मिनिटं स्टोअर मंद चालतो, ‘चेकिंग इन्फो’वर अडकल्यासारखा दिसतो, एखादी त्रुटीही दाखवतो. प्ले सर्व्हिसेस त्या वेळात मागच्या मागे स्वतःला अद्ययावत करत असतं. टॅब चार्जिंगला लावून बाजूला ठेवून द्या. सगळं सुरळीत झालं की सिल्कची ती परवानगी बंद करा. ती उघडी ठेवण्यात धोका आहे, विशेषतः टॅब मुलांच्या हातात जाणार असेल तर.

‘ॲप नॉट इन्स्टॉल्ड’ असा संदेश आला तर बहुतेक वेळा ३२ आणि ६४ बिटची गल्लत झालेली असते, नाहीतर अँड्रॉइडची आवृत्ती चुकलेली असते. स्टोअर उघडताच मिटत असेल तर फ्रेमवर्कची फाइल चुकीची आहे. अशा वेळी चारही ॲप काढा, रीस्टार्ट करा आणि पहिल्यापासून सुरू करा. एकच फाइल बदलून काम होईल या आशेने तासभर खटपट करण्यापेक्षा हे लवकर होतं.

एक अडचण मात्र कुठेच नीट समजावलेली नसते. ॲमेझॉन आपल्या दुकानात आलेल्या ॲपवरची लेखकाची डिजिटल सही काढून आपली सही घालतं. त्यामुळे ॲमेझॉनमधून घेतलेलं एखादं ॲप नंतर प्ले स्टोअर अद्ययावत करायला गेला तर सह्या जुळत नाहीत आणि अपडेट अडतं. उपाय एकच: जुनं ॲप काढा आणि एकाच दुकानातून पुन्हा बसवा. ते काढताना त्यातली साठवलेली माहिती, गेमची प्रगती, उतरवलेली गाणी जातात. म्हणून सुरुवातीलाच ठरवून घ्या. नेटफ्लिक्ससारखी व्हिडिओ ॲप ॲमेझॉनच्या दुकानातून घ्या, कारण ती या यंत्रासाठी तपासलेली असतात. गूगलची ॲप आणि बाकी जे ॲमेझॉनवर नाही तेवढंच प्लेमधून घ्या.

इतकं करूनही काही गोष्टी जमतच नाहीत. गूगलच्या लेखी हे यंत्र प्रमाणित नाही, त्यामुळे प्रमाणपत्र तपासणारी ॲप, मुख्यतः बँकांची आणि पैसे देण्याची, स्टोअरमध्ये दिसत नाहीत किंवा उघडून बंद होतात. ॲमेझॉन किड्स या मुलांसाठीच्या सेवेच्या बाल-प्रोफाइलमध्ये प्ले स्टोअर चालत नाही, तो मोठ्यांच्या मुख्य प्रोफाइलपुरता राहतो. फॅमिली लिंक या गूगलच्या पालक-नियंत्रणाने बांधलेलं मुलाचं गूगल खातंही इथे नीट बसत नाही. फायर ओएसचं मोठं अपडेट आलं की हे सगळं कोलमडू शकतं आणि तेव्हा दाद मागायला कुणी नसतं, ना ॲमेझॉन ना गूगल. शिवाय ३ जीबी रॅममध्ये ॲमेझॉनच्या सेवा आधीच चालू असतात, त्यात गूगलच्या आल्या की टॅब जाणवण्याइतका सुस्त होतो. ६४ जीबीचा घ्या असं वर म्हटलं ते याचसाठी: दोन दुकानं, दोघांच्या सेवा आणि त्यांचा साठा, हे सगळं आतल्याच साठवणीत राहतं.

म्हणून आजी-आजोबांसाठी टॅब घेताना ‘प्ले स्टोअर घालून देऊ’ या भरवशावर फायर घेऊ नका. घालून देणारा परगावी गेला की त्यांच्या हातात त्रुटींचे संदेश उरतात.

आता याच भांडणाची दुसरी बाजू, आणि मराठी वाचकाला ती जास्त जवळची आहे. किंडलवर, म्हणजे ॲमेझॉनच्या ई-पुस्तकांच्या दुकानात, मराठी पुस्तकं डिसेंबर २०१६ पासून अधिकृतपणे मिळतात. फायरवर पुस्तक शोधलं, किंमत दिसली, बटण दाबलं की पुस्तक आत. आयपॅडवर तेच किंडल ॲप उघडून पाहा. पुस्तक सापडतं, मुखपृष्ठ दिसतं, नमुना उतरवता येतो. किंमत आणि ‘विकत घ्या’ हे मात्र नाही. ॲपमध्ये काहीतरी बिघडलंय असं वाटून लोक ते काढून पुन्हा बसवतात. त्याने काहीही होत नाही.

कारण असं. ॲपमधून डिजिटल वस्तू विकली तर पैसे ॲपलच्याच यंत्रणेतून घ्यायचे आणि ३० टक्के ॲपलला द्यायचे, हा नियम ॲपलने २०११ मध्ये कडक केला. किंडलच्या पुष्कळ पुस्तकांत ॲमेझॉनचा वाटाच साधारण तेवढा असतो, तो दिला तर हातात काही उरत नाही. नियमाची दुसरी बाजू अशी की ॲपमध्ये बाहेरच्या दुकानाची लिंकही द्यायची नाही. त्या जुलैत किंडल ॲपमधलं दुकानाचं बटण गेलं. २०१४ मध्ये ॲमेझॉनने कॉमिक्सॉलॉजी ही डिजिटल कॉमिक्स विकणारी कंपनी घेतल्यावर त्या ॲपमधली खरेदीही अशीच बंद झाली. गूगलनेही पुढे असाच नियम लावला आणि २०२२ च्या मेअखेर अँड्रॉइडच्या किंडल ॲपमधली खरेदी थांबली. म्हणजे सॅमसंग किंवा लेनोवोचा टॅब असला तरी हीच गत.

अमेरिकेत चित्र थोडं बदललं. एपिक या गेम बनवणाऱ्या कंपनीने ॲपलविरुद्ध भरलेल्या खटल्यात ३० एप्रिल २०२५ ला न्यायाधीश इव्हॉन गोन्झालेझ रॉजर्स यांनी ॲपलने आधीचा आदेश जाणूनबुजून मोडल्याचं ठरवलं आणि बाहेरच्या लिंक अडवायला मनाई केली. आठवडाभरात तिथल्या किंडल ॲपमध्ये ‘गेट बुक’ हे बटण आलं. ते ब्राउझरमध्ये पुस्तकाचं पान उघडतं. हे फक्त अमेरिकेच्या ॲप स्टोअरपुरतं आहे. न्यू जर्सीतल्या बहिणीला बटण दिसतं आणि नाशिकच्या भावाला दिसत नाही, यात दोघांचंही काही चुकलेलं नाही. युरोपीय संघात आणखी वेगळं: तिथे आयपॅडओएस १८ पासून, सप्टेंबर २०२४ पासून, ॲपलशिवायची ॲप-दुकानंही आयपॅडवर घालता येतात.

भारतातल्या आयपॅडवर मराठी पुस्तक घ्यायचा निर्धोक मार्ग असा. सफारी उघडा आणि वरच्या पट्टीत ॲमेझॉन डॉट इन हा पत्ता हाताने टाइप करा. व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकवर टिचकी मारू नका. आयपॅडवर ॲमेझॉनचं खरेदीचं ॲप असेल तर ती लिंक त्या ॲपमध्ये उघडते आणि तिथेही हेच निर्बंध असल्याने किंडल पुस्तक विकत घेता येत नाही. पत्ता टाइप केला की पान सफारीतच राहतं. लिंकवरूनच जायचं असेल तर ती दाबून धरा आणि नव्या टॅबमध्ये उघडण्याचा पर्याय निवडा. लॉगिन करा, वर्गवारीत किंडल स्टोअर निवडा, पुस्तक शोधा. शोधपट्टीत देवनागरीत लिहून मिळालं नाही तर रोमन लिपीत लिहून पाहा, कारण सगळ्याच प्रकाशकांनी नावं दोन्ही लिपींत भरलेली नसतात. किंडल आवृत्ती निवडल्याची खात्री करा, नाहीतर छापील प्रत कार्टमध्ये जाते. ‘डिलिव्हर टू’ इथे आपला आयपॅड निवडून खरेदी करा. मग किंडल ॲपमध्ये लायब्ररीत जाऊन पान खाली ओढा, पुस्तक येतं.

हे वारंवार करणार असाल तर किंडल स्टोअरचं पान सफारीत उघडून शेअरच्या चिन्हातून ‘ॲड टू होम स्क्रीन’ करून ठेवा. किंडल ॲपच्या शेजारी ते चिन्ह ठेवलं की घरातल्या ज्येष्ठांनाही समजतं: एक वाचायचं, एक घ्यायचं. अँड्रॉइड टॅबवर हेच क्रोममधून होतं.

ॲमेझॉनला इथे बिचारं समजायचं कारण नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये किंडलची पुस्तकं संगणकावर उतरवून यूएसबीने हलवायची सोय ॲमेझॉननेच काढली. इतर अँड्रॉइड यंत्रांवरचं आपलं ॲपस्टोअर २० ऑगस्ट २०२५ ला बंद केलं, त्यामुळे ज्यांनी सॅमसंगच्या टॅबवर त्यातून ॲप विकत घेतली होती त्यांना ती पुढे चालतीलच याची हमी उरली नाही. दुसऱ्याच्या भिंतीबद्दल तक्रार करणाऱ्याने स्वतःची भिंतही तेवढीच उंच केली आहे.

परदेशातल्या मराठी वाचकांना आणखी एक अडचण येते. टॅब ज्या देशाच्या ॲमेझॉन खात्याशी जोडला, त्याच देशाचं दुकान आणि त्याच खात्यातली पुस्तकं दिसतात. भारतीय खात्यावर घेतलेली मराठी पुस्तकं अमेरिकेच्या खात्यावर नोंदवलेल्या फायरमध्ये आपोआप येत नाहीत. फायर भारतात कोणाला पाठवणार असाल तर तो आपल्या खात्यातून काढून, त्यांच्या भारतीय खात्यावर नोंदवूनच द्या. लॉकस्क्रीनच्या जाहिराती काढायचे १५ डॉलर मात्र तुमच्या खात्यात असतानाच भरून टाका. संगणकावर ‘मॅनेज युअर कंटेंट अँड डिव्हायसेस’मध्ये टॅब निवडला की ‘रिमूव्ह ऑफर्स’ सापडतं.

मग घ्यावा कोणी? वाचन, प्राइम व्हिडिओ, नेटफ्लिक्स आणि मुलांसाठी ॲमेझॉन किड्स, एवढंच काम असेल तर या किमतीला फायर एचडी १० ला तोड नाही. किंडलची पुस्तकं आत बसूनच विकत घेता येणं ही मोठी सोय आहे. हा टॅब ॲमेझॉनवर नवा विकणं थांबल्यानंतरही किमान ४ वर्षं सुरक्षा-अपडेट देण्याचं कंपनीचं आश्वासन आहे, स्वस्त टॅबमध्ये ते सहसा मिळत नाही. शाळेचं काम गूगलवर चालत असेल, बँकेचं ॲप हवं असेल किंवा घरात सगळ्यांचे अँड्रॉइड फोन असून ॲप आधीच विकत घेतलेली असतील, तर प्ले स्टोअर असलेला साधा अँड्रॉइड टॅब घ्या, जास्तीचे पैसे लागले तरी. पुस्तकं तिथे ब्राउझरमधून घ्यावी लागतील, पण तो त्रास पुस्तक घेताना दोन मिनिटांचा आहे. फायरवर प्ले स्टोअर सांभाळणं हा कायमचा व्याप आहे.

मागवण्याआधी दहा मिनिटं काढून एक काम करा. टॅब ज्याच्यासाठी आहे त्याच्या फोनवरची रोज उघडली जाणारी दहा ॲप कागदावर लिहा. मग ॲमेझॉन डॉट कॉमवर शोधपट्टीच्या डावीकडे ‘ॲप्स अँड गेम्स’ हा विभाग निवडून एकेक नाव शोधा आणि ॲपच्या पानावर ते फायर टॅबलेटवर चालतं का ते पाहा. शेवटचं अपडेट कधी आलं तेही बघा. दोन वर्षांपूर्वीचं असेल तर ते ॲप नाही असंच धरा. दहातली तीन मिळाली नाहीत आणि ती तीन ब्राउझरमध्येही भागणारी नसतील, तर ऑर्डर करू नका.